खडूचा चांद

आमच्या खदानीत मशीन सुरू व्हायच्या आधी चुप्पी पाळतात. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पण सदतीस वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा खाली उतरलो तेव्हाही चुप्पी होती, आणि माझ्या उस्तादाच्या काळातही होती म्हणे. पाळीचा मुखिया, ज्याला आम्ही सरदार म्हणतो, तो टोपीवरची बत्ती दोनदा हलवतो. सगळे चाळीस पावलं मागं जुन्या पिलरपाशी जाऊन उभे राहतात. कोणी खोकत नाही, कोणी तंबाखू मळत नाही. पुढं जातो तो एकटा ड्रेसर. ड्रेसर म्हणजे छत तपासणारा आणि सैल दगड सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, खाली पाडणारा माणूस. तो दोन मिनिटं डोळे मिटून छताचं ऐकतो. कोळशाच्या वरचा दगड पडायच्या आधी आवाज देतो. कधी किट करतो, कधी नुसता कुरकुरतो. काही आवाज नसला, की ड्रेसर सब्बलीनं छत ठोकून बघतो आणि बाजूच्या कोळशाच्या भिंतीवर खडूनं आपली खूण काढतो. मग काम सुरू होतं.

माझी खूण म्हणजे चांद. तरुणपणी माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं होतं, सही करायची लाज वाटायची, म्हणून मी चंद्रकोर काढायला लागलो आणि तीच कायम राहिली. पोरं मागून ओरडायची, "चांद दिसला का, इब्राहीमभाऊ?" मी "दिसला" म्हटलं, की ईद झाल्यासारखी सगळी पुढं यायची. सदतीस वर्षांत माझ्या चांदाखाली एकही माणूस दगावला नाही. हे मी घमेंडीनं सांगतोय, आणि घमेंड होतीच मला.

आता खरं काय ते सांगतो. शेवटचं दीड वर्ष त्या चुप्पीत मला काहीएक ऐकू येत नव्हतं.

कान एका दिवसात गेले नाहीत. आधी कोकीळ गेली. मग दारावरची कडी गेली. मग झिंगूचं गाणं गेलं. झिंगू आमचा मशीन ऑपरेटर, कोळसा उचलायचं मशीन चालवणारा. हिवाळ्यात सुट्ट्या टाकून वडशाच्या नाटकमंडळीत पार्ट करायचा आणि उरलेलं वर्ष आम्हाला गाणी म्हणून छळायचा. त्याचं तोंड हलताना दिसायचं पण सूर पोचायचा नाही, तेव्हा मला समजलं. एवढी वर्षं ड्रिल आणि सुरुंगाच्या आवाजात काढल्यावर कानांनी तरी किती दिवस साथ द्यायची!

घरी नजमानं, माझ्या बायकोनं, पहिल्या महिन्यातच ओळखलं. "कान का इलाज करो जी," ती माझ्यासमोर उभी राहून, हात हलवून सांगायची. "नहीं तो मैं तुम्हारे साहब को चिठ्ठी लिखूँगी." मी म्हणायचो, रिटायर व्हायला दोनच वर्षं उरलीत, निभून जाईल. कान गेलेल्या ड्रेसरला वर बसवतात. लॅम्परूममध्ये बत्त्या पुसायला नाहीतर स्टोअरमध्ये बूट वाटायला. ज्याच्या एका शब्दावर आख्खी पाळी पुढं पाऊल टाकते, त्यानं बूट वाटायचे? हे मला सहन होणार नव्हतं.

जमिनीवर मी लोकांच्या ओठांवरून बोलणं ओळखायचो. खाली तेही जमायचं नाही. बत्ती टोपीवर असते. माणूस तुमच्याकडं तोंड करून बोलला की उजेड तुमच्या डोळ्यात येतो आणि त्याचं तोंड काळंठिक्कर दिसतं. मग मी माझ्या स्वभावाचा फायदा घेतला. मी तापट आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. "पुटपुटतो काऊन बे? जोरात बोल ना!" असं खेकसलं, की समोरचा घाबरून हातवारे करत सांगायचा आणि माझं काम भागायचं.

आणि छताचं म्हणाल, तर माझा हात होता. उजव्या हातानं सब्बल ठोकायची आणि डावा तळवा छताला लावायचा. सैल दगड तळव्याखाली थरथरतो, पक्का दगड हूं की चूं करत नाही. ही विद्या उस्तादानं दिलेली, ती मी कान गेल्यावर आणखी घोटली. हातानं मला कधी फसवलं नाही, मग कानाची गरजच काय, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. चुप्पीत मी डोळे मिटून उभा राहायचो, मनात दोन मिनिटं मोजायचो आणि खडू काढायचो.

त्यात दिव्यानी आत्राम आली. बायांना दिवसपाळीत खाली काम करायची परवानगी मिळाली त्यानंतरची ही पोर. गाव मुलचेऱ्याच्या पलीकडं जंगलात, डिप्लोमा केलेला. तिचं काम छतावर लक्ष ठेवायचं, पण यंत्रानं. जागोजागी छतात उंच भोक पाडून त्यात तिनं पट्ट्या बसवल्या होत्या. पट्टी वर, खूप आत, पक्क्या दगडात अडकवलेली. खालचं टोक भोकाच्या तोंडाशी बसवलेल्या नळीतून वीतभर लोंबतं. त्यावर तीन रंग. वर हिरवा, मग पिवळा, तळाला लाल. दिव्यानी रोज त्यांच्यावर बत्ती मारून वहीत लिहायची.

मी नाक मुरडलं. "आता छताले चड्डीची नाडी लावून राह्यले," असं मीच पहिल्यांदा म्हणालो आणि सगळी पाळी हसली. झिंगूनं तर त्या पट्टीला आपला जेवणाचा डबा टांगायला सुरुवात केली. आयतीच खुंटी मिळाली त्याला. दिव्यानी रोज डबा काढून ठेवायची, तो रोज टांगायचा. मी बघून न बघितल्यासारखं करायचो.

ती गोष्ट मार्चमधली. सकाळी बस वाघामुळं पंधरा मिनिटं थांबली, म्हणून सरदार अंकुश आधीच वैतागलेला होता. अंकुशला मीच शिकवला. माझ्या हाताखाली मजूर म्हणून आला होता, परीक्षा देऊन सरदार झाला, तरी मला कधी नावानं हाक मारली नाही. त्यानं बत्ती हलवली. सगळे मागं गेले. दिव्यानी मात्र तिच्या पट्टीसाठी थोडी पुढंच थांबली होती. मी डोळे मिटले, मोजलं, छत ठोकलं, तळवा लावला. छत गप्प. मी चांद काढला.

"चांद दिसला का?" अंकुशनं विचारलं असणार, कारण तो रोज विचारायचा.

"दिसला," मी म्हणालो.

झिंगू मशीनची केबल ओढत होता तेवढ्यात दिव्यानी माझ्याजवळ आली. काहीतरी बोलली. उजेड डोळ्यात आला. मी खेकसलो, "जोरात बोल!" ती घाबरली नाही. तिनं वही उघडली, मान खाली घातली, तेव्हा वहीच्या पांढऱ्या पानावरचा उजेड तिच्या तोंडावर पडला आणि मला तिचे ओठ दिसले.

"भाऊ, ते किट-किट कायचं होतं?"

"कोणतं?"

"चुप्पीतलं. तीनदा झालं. शेवटचं तं लय लांबलं. तुमी आयकलंच असन. तुमी छत पक्कं म्हटलं म्हणून मी गप राह्यली."

मी तर काहीच ऐकलं नव्हतं. तोंडातून मात्र खोटंच निघालं. "पाणी ठिबकत असन."

तिनं बत्ती वर केली. छत कोरडं ठणठणीत होतं. "इथी तं पाणी नाई, भाऊ," ती म्हणाली आणि वही तशीच तोंडापुढं उघडी ठेवून मला हाताला धरून पट्टीपाशी घेऊन गेली. डबा तिनं काढून खाली ठेवला होता. काल पाळी सुटताना दोन बोटं हिरवं दिसत होतं. आता हिरवं नव्हतंच. पिवळं नखाएवढं उरलं होतं, त्याखाली लाल.

"झिंगूच्या डब्यानं वढलं असन," मी म्हणालो.

"मले पण तसंच वाटलं. पण पाहा ना जी. डबा खाली वढन. पट्टी खाली आली असती तं हिरवं अजून दिसलं असतं. हे तं नळीच्या अंदर गेलं. म्हंजे पट्टी जागेवर आहे आनि छत खाली येऊन राह्यलं. छत धरून ठेवाले बोल्ट ठोकले, त्याच्याही वरून सुटून राह्यलं."

मी शाळा फार शिकलो नाही, पण एवढं कळायला शाळा लागत नाही. माझा तळवा हातभर दगडापुरता खरा. त्याच्या वर, पाच-सहा फुटांवर आख्खा थर एकसंध सुटत असेल, तर खालचा दगड पक्काच लागणार. तो थर फक्त आवाजानं कळतो. तो आवाज तीनदा झाला होता, आणि तो ऐकायला सगळ्यांनी ज्याला पुढं पाठवलं होतं, तो मी होतो.

"मोह वेचताना अस्वल येते," दिव्यानी म्हणाली. "म्हणून आमची माय लहानपणापासून कान उघडे ठेवाले शिकवते. माझ्या कानाले भरम नाई होत, भाऊ."

मी अंकुशकडं गेलो. अजूनही मला स्वस्तात सुटायचं होतं, हे कबूल करतो. म्हणालो, "अंकुश, मले जरा शंका आहे. माणसं मागं घे."

अंकुश हसला. ते हसू मला दिसलं, कारण झिंगूची बत्ती त्याच्यावर होती. "भाऊ, आताच तं तुमी छत पक्कं म्हटलं. दहा मिनटात का झालं?"

दिव्यानीनं पट्टी दाखवली. झिंगू म्हणाला, "मॅडम, तो माझा डबा होता. बायकोनं आज दाल-भात जास्त देल्ला." सगळे हसले. दिव्यानी पुन्हा वर-खाली समजावत बसली, पण हसणाऱ्या माणसाला गणित कळत नाही. शेवटी अंकुश तिला जे म्हणाला, ते मी त्याच्या तोंडावरून शब्दन् शब्द वाचलं.

"बाई, तुमच्या पट्टीचा मले राग नाई. पण भाऊच्या कानानं मले पंधरा साल जित्तं ठेवलं. त्या कानापेक्षा पट्टीवर कसा भरोसा ठेवू?"

हे ऐकून, म्हणजे बघून, मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. सात माणसं माझ्या कानामुळं तिथं उभी होती. माझा कान बाद ठरल्याशिवाय ती हलणार नव्हती.

मी भिंतीपाशी गेलो आणि बाहीनं माझा चांद पुसला. सदतीस वर्षांत काढलेला चांद मी कधी पुसला नव्हता. मग वळून म्हणालो, "मले आयकू येत नाई."

कोणाला कळेना.

"दीड वर्ष झालं. चुप्पीत मी नुसता उभा राह्यतो. आज ते तीनदा वाजलं, दिव्यानीले आयकू आलं, मले नाई आलं."

अंकुशच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो म्हणाला, "पोरीले वाचवासाठी खोटं काऊन बोलता, भाऊ?"

तेव्हा मला राग आला. त्याचा नाही, माझाच. मी म्हणालो, "मी तोंड फिरवतो. मागून तुमाले जे बोलायचं ते बोला."

मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. समोर पुसलेल्या खडूचा पांढरा डाग होता. मी वाट बघितली. बराच वेळ गेला. काही कळलं नाही म्हणून शेवटी मीच वळलो. कोणीही हसत नव्हतं. झिंगूचं तोंड उघडं होतं, अंकुशनं टोपी दोन्ही हातांनी धरली होती. दिव्यानी रडत होती.

झिंगू काय बोलला ते मला नंतर कळलं. नाटकवाला माणूस, त्यानं छाती फोडून आरोळी मारली होती, "भाऊ, पळा! छत आलं!" एकदा नाही, तीनदा. दोन गॅलऱ्या, म्हणजे दोन बोगदे, पलीकडच्या पंपवाल्यांनाही ती ऐकू गेली होती. आणि मी भिंतीकडं तोंड करून डाग बघत उभा होतो.

अंकुशनं बत्ती गोल फिरवली. मागं व्हायची खूण. झिंगू मशीन काढायला वळला, त्याला अंकुशनं कॉलर धरून ओढला. आम्ही जुन्या पिलरच्याही मागं, तिठ्यावर जाऊन थांबलो. अंकुशनं वर फोन लावला. पाच मिनिटं गेली, वीस गेली. मला वाटायला लागलं की काही होणार नाही, कानही गेला आणि तोंडही गेलं.

मग ते पायांना कळलं. बुटाच्या तळव्यातून थरथर वर आली, छातीत धप्प झालं, आणि गॅलरीतून वारा असा आला की माझी टोपी उडाली. पुढं सगळी धूळच धूळ. माझं आयुष्य आवाजात गेलं, आणि सदतीस वर्षांतली सगळ्यात मोठी पडझड मी अशी मुक्यानं बघितली. धूळ बसायला लागल्यावर मी बत्त्या मोजल्या. सात माणसं, दिव्यानी आणि मी. नऊ बत्त्या. पुन्हा मोजल्या. नऊच. तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. झिंगूच्या मशीनची पुढची बादली तेवढी गाडली गेली होती, आणि त्याचा डबा.

झिंगूनं मला मिठी मारली. अंकुशनं नाही. तो पाठ करून काहीतरी बोलला आणि निघून गेला. मी दिव्यानीला विचारलं, काय म्हणाला? ती सांगेना. दोन दिवसांनी सांगितलं. तो म्हणाला होता, "दीड साल माझ्या पोरीचा बाप या माणसाच्या भरोशावर खाली उतरत होता."

तो खरं तेच बोलला होता. तो माझ्याशी बोलेनासा झाला, आणि मी त्याला दोष देत नाही.

साहेबांसमोर मी स्वतःच लिहून दिलं, कोंबडीच्या अक्षरात, दीड पान. मला वाटलं होतं घरी पाठवतील. साहेबांनी कागद दोनदा वाचला. कडक भाषेत ताकीद दिली, ती मी ओठांवरून पूर्ण वाचली. कानाची तपासणी करून घ्यायला लावली. खाली उतरणं बंद केलं. आणि मग म्हणाले, "बूट वाटायला नाही बसवत. ट्रेनिंग सेंटरला जा. नवीन लोकांना छत शिकवा. आणि हेही शिकवा."

हे म्हणजे काय ते मला कळलं. तेव्हापासून प्रत्येक नव्या तुकडीला मी पहिल्या दिवशी फळ्यावर चांद काढून दाखवतो, मग तो पुसून दाखवतो. तळव्याची विद्या दुसऱ्या दिवशी.

कानाचं यंत्र मिळालं. लावल्यावर पहिल्यांदा कुकरची शिट्टी ऐकली आणि दचकून पाटावरून उठलो. नजमा हसून हसून खाली बसली. तिचं ते हसणंही दीड वर्षानं ऐकलं. ऐकून मला रडू आलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. दुसऱ्याच दिवशी झिंगू घरी येऊन गाणं म्हणून गेला. फार वाईट गातो. आधी इतकं वाईट गायचा का, ते आठवत नाही.

खाली चुप्पी बदलली. आता एकटा ड्रेसर पुढं जात नाही. ड्रेसर, दिव्यानी आणि पाळीतला एक माणूस, रोज नवा. तिघांपैकी एकालाही काही ऐकू आलं, की काम थांबतं. भिंतीवर खुणेशेजारी पट्टीचा रंगही लिहितात. पट्टीला डबा कोणी टांगत नाही. झिंगू तर नव्या माणसाला तिच्याखाली तंबाखूही मळू देत नाही.

नोव्हेंबरात माझा शेवटचा दिवस आला. शेवटच्या दिवशी माणसाला एकदा खाली नेऊन आणायची आमच्याकडं रीत आहे. साहेबांनी परवानगी दिली. फक्त कानाचं यंत्र लॅम्परूममध्ये काढून ठेवावं लागलं, कारण ठिणगीची भीती म्हणून असलं काही खाली नेता येत नाही. म्हणजे मी आलो होतो तेव्हा कानांचा पक्का होतो, आणि निरोप घ्यायला ठार बहिरा होऊन उतरलो.

पाळी अंकुशचीच होती. आठ महिने आम्ही बोललो नव्हतो. त्यानं बत्ती दोनदा हलवली. मी सगळ्यांबरोबर मागं, जुन्या पिलरपाशी उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा चुप्पीत मागं उभा होतो. पुढं तिघं डोळे मिटून थांबली. मी दिव्यानीचा चेहरा बघत राहिलो. कपाळावर एक रेघ उमटली नाही. मग ड्रेसरच्या हातची सब्बल घेऊन तिनं छत ठोकलं, डावा तळवा वर लावला, जसा मी तिला सेंटरच्या अंगणात सिमेंटच्या स्लॅबवर शिकवला होता. आणि भिंतीवर खडूनं चांद काढला. माझाच. तिची स्वतःची खूण असेल असं मला वाटलं होतं. बाजूला लिहिलं, हिरवा.

मी तिथंच उभा होतो. कोणीतरी खांद्यावर हात ठेवून मला वळवलं. अंकुश होता. मी नेहमीसारखे डोळे बारीक केले, कारण उजेड डोळ्यात येणार होता. पण आला नाही. त्यानं टोपीवरची बत्ती काढून हातात घेतली होती आणि उलटी करून स्वतःच्या तोंडावर धरली होती. त्याच्या मागं झिंगूनं तेच केलं. मग बाकीच्यांनीही. त्या काळोखात मला एकेकाचं तोंड लख्ख दिसत होतं.

अंकुश सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलला.

"चांद दिसला का, भाऊ?"

"दिसला," मी म्हणालो.